त्याच बायकोशी पुन्हा लग्न

वेळ्ळिपाडममध्ये अवरानचं घर विचारलं तर लोक उलट विचारत, "कुठला अवरान? माइकवाला?" ऐन विशीत त्याने एक जुना ॲम्प्लिफायर आणि पत्र्याचे दोन कर्णे घेतले. पैसे थोरल्या भावाने, मम्मदुट्टीने दिले होते, कल्लायीच्या वखारीत लाकडाचे ओंडके उचलून साठवलेले. बाप लवकर गेला, तेव्हा याच भावाने अवरानला लहानाचं मोठं केलं होतं. त्या कर्ण्यांनी अवरानला हात दिला. पुढे गावात जो कोणी मोठ्याने बोलला तो अवरानच्या तारेतून बोलला. लग्नं, निवडणुका, देवळातला उत्सव, शाळेचं संमेलन. पण खरा धंदा धर्माचा.

मुलखात मुसलमानांचे दोन तट होते. सुन्नी जुन्या चालीचे. दर्ग्याला जाणारे, शुक्रवारचा खुतबा, म्हणजे प्रवचन, अरबीतच हवा म्हणणारे. मुजाहिद सुधारणावाले. दर्गे बंद करा, खुतबा लोकांना कळेल अशा मल्याळममध्ये द्या, बायकांनाही मशिदीत येऊ द्या, असं त्यांचं म्हणणं. एका तटाने भाषण ठेवलं की पुढच्या आठवड्यात त्याच मैदानावर दुसऱ्याचं उत्तर, मग उत्तराला प्रत्युत्तर. मौलवी बदलत, माइक तोच.

"अवरान, त्यांच्या वेळी आवाज कसा खणखणीत लागतो," सुन्नी कुरकुरत.

"आणि आमच्याच वेळी खरखर कशी येते?" मुजाहिद विचारत.

"खरखर बोलणाऱ्याच्या घशात असते," अवरान दोघांनाही सांगे. "माझ्या तारेत नसते."

नमाजाला तो सुन्नींच्या मशिदीत जाई, कारण बाप जात असे. पण ज्याचं भाषण चालू असेल तो त्याला खरा वाटे, ही त्याची मोठी खोड. घरी आला की अंगणात येरझारा घाली. बायको बिय्यात्तू त्याच्या चालीवरूनच ओळखायची. "आज मुजाहिद होते वाटतं. चांगलेच चावलेत."

हे असंच चाललं असतं. पण हम्सा गेला.

हम्सा जीपवाला. कर्णे, बांबू, जनरेटर, सगळं त्याच्या जीपमधून जाई. एका दुपारी खांबाला दोर बांधता बांधता "जरा टेकतो" म्हणून तो जीपच्या पायरीवर बसला आणि उठलाच नाही. मागे बायको कदीजा आणि दोन मुली. आखातातून त्याचे दोघे भाऊ आले. धाय मोकलून रडले, सगळे विधी व्यवस्थित केले. मग वाटणीची गोष्ट निघाली. शरीयतप्रमाणे दोन तृतीयांश मुलींचं, आठवा हिस्सा बायकोचा, आणि मुलगा नाही म्हणून उरलेलं भावांचं. थोरल्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलेलं, त्यालाही गरज होती. अंगणातून जांभ्याची भिंत उभी राहिली. विहीर भिंतीपलीकडे गेली.

कुणी लबाडी केली नाही, हीच अवरानची पंचाईत झाली. लबाडी असती तर शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. आता तो रोज त्या वाटेने जाई तेव्हा कदीजा बादली घेऊन भिंतीच्या फटीशी उभी दिसे. पलीकडून जाऊबाईने "ये" म्हटलं की ती आत जाई. जाऊ चांगली होती, कधी नाही म्हणत नसे. पण "ये" म्हणेपर्यंत कदीजाला थांबावं लागे.

अवरानला तीन मुली. मुलगा नाही. एकच भाऊ, आणि भावाला दोन मुलगे, एक मुलगी.

पुढच्या उन्हाळ्यात सुलैखा टीचर त्याच्या दारात आल्या. तिरूरच्या एका शाळेत जन्मभर अरबी शिकवून निवृत्त झालेल्या. डोक्यावर ओढणी, हातात छत्री.

"अवरानिक्का, वाचनालयाच्या अंगणात माझं भाषण आहे. माइक मिळेल?"

"कशावर बोलणार, टीचर?"

"मुलींच्या वारशावर."

"कुणाकडून? सुन्नी की मुजाहिद?"

टीचर हसल्या. "दोघंही मला दारात उभं करत नाहीत. तीन माइकवाल्यांनी नाही म्हणून सांगितलं. तुम्हीही सांगा, म्हणजे मी घसा फोडून बोलायला मोकळी."

अवरानने माइक दिला. अंगणात माणसं थोडीच होती, पण कुंपणाबाहेर गर्दी होती, आणि ऐकायचं नाही म्हणत सगळे ऐकत होते. टीचर वर्गात बोलाव्यात तशा बोलल्या. "मुलीला कुणी काहीच देत नव्हतं, त्या काळात कुराणाने तिला वाटा दिला. ते पाऊल पुढचं होतं. आपण काय केलं, पुढचं पाऊल टाकायचं सोडून तिथेच पाय रोवले. काकाला हिस्सा का? तर काकाने पुतणीला सांभाळावं म्हणून. आज किती काका सांभाळतात? जबाबदारी गेली, हिस्सा तेवढा राहिला."

"अल्लाने ठरवलेला हिशेब तू बदलणार काय?" कुंपणाबाहेरून कुणीतरी ओरडलं.

"नाही. मी फक्त वाचते," टीचर म्हणाल्या. "ज्याला मूल नाही त्याच्या भावंडांना वाटा, असं लिहिलंय. तुम्ही सांगा, मुलगी मूल नाही का?"

कुंपणाबाहेर एकदम गलका झाला. दोघं दांडगे जनरेटरकडे सरकले. अवरान मध्ये जाऊन उभा राहिला.

"बाजूला हो, अवरानिक्का."

"तुमच्या उस्तादांचं भाषण चालू असताना मी कधी तार ओढली?"

"ते दीनाचं, धर्माचं बोलतात."

"ही काय मासळीचा भाव सांगतेय?"

दोघं घुटमळले. अवरान वयाने मोठा, शिवाय त्यांच्या दोघांच्याही लग्नात त्याने उधारीवर गाणी लावलेली. ते शिव्या देत मागे फिरले. टीचरचं भाषण पुरं झालं. अवरानच्या डोक्यात मात्र एक प्रश्न जाऊन बसला तो बसलाच. मुलगी मूल नाही का?

तो प्रश्न घेऊन तो पोकर मुसलियारांकडे गेला. मुसलियार म्हणजे मशिदीचे खतीब, खुतबा देणारे. अवरानच्या तिन्ही मुलींच्या कानात जन्मल्यावर अजान त्यांनीच दिलेली. ते मशिदीच्या तळ्याकाठी हातपाय धूत होते. त्यांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत.

"इमामांनी शेकडो वर्षं यावर रक्त आटवलं, अवरान. टीचरबाईंनी एका दुपारी सोडवलं होय?"

"सोडवलं नाही, उस्ताद. विचारलं."

"अरे, तुला कोण अडवतंय? जिवंतपणी घर पोरींना देऊन टाक. बक्षीस दे. शरीयतीत त्याला जागा आहे."

"म्हणजे मागचं दार आहे. मग पुढचं बंद कशाला?"

"दार असल्याशी कारण."

"दार हम्सालाही होतं. त्याला उठायला सवड मिळाली नाही."

मुसलियारांनी तोंडावर पाणी मारलं. दाढीवरून पाणी निथळत होतं. मग ते सावकाश म्हणाले, "तुला एक वीट टोचते. खरंच टोचत असेल. पण मी ती अख्खी भिंत राखतो. आज ही वीट काढली, उद्या दुसरी. कुठली ठेवायची हे कोण ठरवणार? टीचर? सरकार? की तू?"

अवरानकडे याला उत्तर नव्हतं. पण मुसलियारांकडेही त्याच्या प्रश्नाला नव्हतं, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्यामुळे त्याला जास्तच भीती वाटली.

वाट दाखवली थोरल्या मुलीने. मुफीदा सहकारी बँकेत होती. टीचरना ती जाऊन भेटली होती. निकाह झालेलं जोडपंही विशेष विवाह कायद्याखाली लग्नाची नोंद करू शकतं. एकदा ती केली की वारसा देशाच्या कायद्याने जातो, सगळा बायकोला आणि मुलांना. मुलगा असो की मुलगी.

बिय्यात्तू तांदळाच्या पत्तिरी लाटत होती. तिने लाटणं थांबवलं नाही. "मला नातवंडं आहेत. या वयात नवरी होऊ?"

"नवरा तोच आहे, उम्मा," मुफीदा म्हणाली.

"तीच तर अडचण आहे."

अवरान हसला. पण बिय्यात्तू हसली नव्हती. दुसऱ्या दिवशी मासे साफ करताना तिने खरं ते विचारलं. "मुफीदाचे उप्पा, सरकारात जाऊन आज लग्न लावायचं, तर इतकी वर्षं मी तुमची कोण होते? माझ्या उप्पाने निकाहात माझ्या वतीने उभं राहून आपला हात तुमच्या हातात दिला, ते काय नाटक होतं?"

"निकाह तसाच राहतो. त्याला कोण हात लावतंय?"

"तुम्ही म्हणता. अल्ला काय म्हणतो ते कोण सांगणार? पोकर उस्ताद एक सांगतात, टीचर दुसरंच. दोघंही त्याच पुस्तकातून."

तो वाद कित्येक दिवस चुलीपाशी धुमसत राहिला. अवरानला ना जेवण गोड लागे, ना कामात लक्ष लागे. ऐन निवडणूक सभेत त्याने उमेदवाराच्या भाषणाआधी चुकून लग्नाचं गाणं लावलं. मग एका सकाळी बिय्यात्तू मासळी द्यायला म्हणून कदीजाकडे गेली. आली ती हात न धुताच ओसरीवर बसली.

"तिच्या जावेकडे पाहुणे आलेत," ती म्हणाली. "सगळे जेवायला बसलेले. कदीजाची हाक ऐकू गेली नाही कुणाला. मी निघेपर्यंत ती भिंतीपाशीच उभी होती." मग जरा वेळाने, "कुठे सही करायची ते सांगा."

अर्जाची नोटीस कार्यालयाच्या फळ्यावर लागली. ती महिनाभर तिथे राहायची असते, कुणाला हरकत असेल तर घ्यायला. हरकत कुणी घेतली नाही. पण कुणीतरी फोटो काढला, आणि दुपारच्या नमाजापर्यंत तो गावातल्या फोनाफोनात पोचला. चहाच्या टपरीवर लोक विचारू लागले, "अवरानिक्का, लग्नाचा नैय्चोर कधी खायला घालताय? नवरी कुठली?" हे सोसण्यासारखं होतं. काही जण नुसतेच गप्प होत आणि पेला ठेवून निघून जात. ते सोसत नव्हतं.

आधी भावाचा मुलगा नौफल आला. "एळाप्पा, आम्हाला चोर ठरवलंत तुम्ही. कधी मागितलं होतं का आम्ही तुमचं घर?"

"नाही मागितलं."

"मग सगळ्या गावाला सांगायची काय गरज होती?"

त्याच्या मागोमाग मम्मदुट्टी स्वतः आला. सुपारीची बाग ओलांडून, काठी टेकत. बसला नाही.

"मी तुझ्या पोरींना बाहेर काढीन असं वाटलं तुला?"

"नाही, इक्का."

"मग?"

"तुमच्यानंतर काय, इतकंच वाटलं."

"म्हणजे माझ्या पोरांवर भरवसा नाही."

पहिल्या ॲम्प्लिफायरची गोष्ट आता निघेल, वखारीतल्या त्या ओंडक्यांची, असं अवरानला वाटत होतं. तो वाट बघत होता, म्हणजे निदान भांडता तरी आलं असतं. मम्मदुट्टीने ती काढली नाही. "बरं," एवढंच म्हणाला आणि बाग ओलांडून परत गेला. दोन घरांमधल्या वाटेवर एक बांबूचं फाटक होतं, कधीच न लावलेलं. त्या संध्याकाळी ते लागलं.

पुढे जे झालं ते कुणी सांगितलं असतं तर अवरानने खरं मानलं नसतं. सुन्नी आणि मुजाहिद एका मंचावर आले. शरीयत वाचवण्यासाठी एकत्र सभा. ज्यांनी हयातभर एकमेकांना वाट चुकलेले म्हटलं, ते या एका गोष्टीवर एक झाले. आणि कमिटीचा सेक्रेटरी खांदे पाडून अवरानच्या दारात उभा राहिला.

"एवढ्या मोठ्या मैदानाला पुरेल असा सेट जवळपास दुसऱ्या कुणाकडे नाही. तू नाही म्हणालास तरी आम्ही समजून घेऊ."

"मी कशाला नाही म्हणू?"

तो गेल्यावर बिय्यात्तूने कपाळावर हात मारला. "शिव्या तुम्हालाच देणार आणि भाडंही तुम्हालाच देणार?"

"सुलैखा टीचरना दिला, मग यांना कसा नाही देऊ?"

तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर सभा सुरू झाली. मैदान भरून माणसं नारळांच्या सावलीत पांगली होती. मंचावर मुजाहिदांचे मौलवी आणि पोकर मुसलियार शेजारी शेजारी बसले होते, एकाच थर्मासातला सुलैमानी चहा पीत. अवरान बाजूच्या टेबलाशी, बटणांसमोर. पहिल्या वक्त्याने नाव घेतलं नाही. "हल्ली काही जणांना म्हातारपणी सरकारी नवरदेव व्हायची हौस आली आहे," तो म्हणाला. मैदान हसलं आणि सगळ्या माना टेबलाकडे वळल्या. अवरानचे कान तापले. नेमका तेव्हाच माइक किंचाळला.

"मुद्दाम करतोय," कुणीतरी ओरडलं. दोघं-चौघं उठले.

अवरानने हात पुढे केला. त्याने आवाज जरासा उतरवला, कर्णा वळवायची खूण केली. किंचाळणं थांबलं. वक्त्याचे उरलेले टोमणे स्वच्छ ऐकू गेले, पार मम्मदुट्टीच्या घरापर्यंत.

शेवटी मुसलियार उठले. टीचरच्या एकेका मुद्द्याला त्यांनी उत्तर दिलं. तावातावाने नाही, वाक्यावर वाक्य रचत. मुलगी मूल आहे, पण शब्दाचा अर्थ एकट्या शब्दात नसतो, पैगंबरांनी वाटण्या कशा केल्या त्यात असतो, असं ते सांगत गेले. ऐकता ऐकता नेहमीसारखंच अवरानला ते खरं वाटू लागलं, आणि त्याच वेळी कदीजाची बादली डोळ्यांपुढे आली. मग मुसलियार थांबले आणि टेबलाकडे बघून म्हणाले, "कमिटीत काही जण म्हणतात, याला जमातीतून काढा, कबरस्तानात जागा देऊ नका. या माणसाने माझा आवाज कधी तोडला नाही. मी त्याला तोडू देणार नाही. पण तो चुकतोय, आणि हे मी त्याच्याच माइकवरून सांगतोय."

लोकांना कळेना, टाळ्या वाजवाव्यात की नाही. अवरानला वाटलं, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नोंदणीच्या दिवशी तिरूरच्या कार्यालयात पंख्याखाली पाच-सहा जोडपी बसली होती, सगळी कोवळी. बिय्यात्तू एका कोपऱ्यात ओढणी पुढे ओढून बसली. साक्षीदार तीन लागतात. एक मुफीदा, दुसऱ्या सुलैखा टीचर. तिसरे वाचनालयाचे मास्तर येणार होते, त्यांचा फोन लागत नव्हता. आदल्या दिवशी त्यांना कुणीतरी भेटून गेल्याचं मागाहून कळलं.

"अजून एक सही लागेल, काका," कारकून म्हणाला. "दुपारनंतर साहेब नाहीत."

अवरान दारापर्यंत जाऊन आला, पुन्हा गेला. अनोळखी माणसाला धरून आणावं का, असं मुफीदा म्हणत असतानाच पायऱ्यांवर रमला दिसली. मम्मदुट्टीची मुलगी, वळांचेरीला दिलेली. धावत आल्यासारखी दमली होती.

"एळाप्पा, मी करते सही."

"मुली, तुझ्या उप्पाला कळलं तर?"

"कळावं म्हणूनच आले."

रमला कधी मोठ्याने बोललेली अवरानला आठवत नव्हती. बिय्यात्तूने उठून तिचा हात धरला आणि तिला आपल्या शेजारी बसवलं. मग सगळ्यांनी सह्या केल्या. बिय्यात्तूची सही सगळ्यांत सावकाश झाली. बाहेर पडताना कारकुनाने गमतीने "तोंड गोड करा" म्हटलं, तर बिय्यात्तूने खरंच पिशवीतून हलव्याचा पुडा काढून त्याच्यापुढे धरला. तो तिने कुणाला न सांगता आणला होता.

त्यानंतर मशिदीची कामं थांबली. दोन्ही तटांनी शेजारच्या गावातला सेट लावला, आणि त्या सेटच्या आवाजाला दोन्ही तट नावं ठेवत राहिले. देवळाचा उत्सव, शाळा, निवडणुका, यांवर अवरानचं भागत होतं. नमाजाला तो जाई, मागच्या रांगेत उभा राही. काही जण सलामाला उत्तर देत, काही खांद्यावरचा पंचा नीट करायला लागत. घराचं काम झालं होतं, मुलींची काळजी मिटली होती. तरी येरझारा काही थांबल्या नाहीत. कधी मुसलियारांची वीट, कधी टीचरचा प्रश्न, आणि मध्येच ते लागलेलं बांबूचं फाटक.

पावसाळा सरला, आणि एका दुपारी ते फाटक करकरलं. मम्मदुट्टी येऊन ओसरीवर बसला, जणू कालच येऊन गेला होता. बिय्यात्तूने काही न विचारता सुलैमानी ठेवला.

"रमला विचारते, माझा वाटा नौफलच्या निम्मा का," तो म्हणाला. "आजवर त्या पोरीने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. ईदच्या कपड्यालाही जे आणीन ते घालायची. तू शिकवलंस?"

"नाही, इक्का."

"टीचरने?"

"मला माहीत नाही."

"तिलाच विचारलं. म्हणते, यात शिकवायला काय हवं." त्याने पेला उचलला, न पिता ठेवला. "पोकर उस्तादांकडे गेलो. म्हणाले, जिवंतपणी देऊन टाक. नौफलला तसं सांगितलं, तर तो ताटावरून उठला. पोरगी इकडून बघते, पोरगा तिकडून बघतो. स्वतःच्या घरात मला पाहुण्यासारखं होतंय."

अवरानने सुपारीचं तबक त्याच्यापुढे सरकवलं.

"एक सांग. त्या दिवशी सही करून आलास, तेव्हा शांत झोप लागली तुला?"

"नाही."

"मग एवढा तमाशा करून मिळवलंस काय?"

"घर पोरींचं झालं, इक्का. झोपेचं मी काही सांगू शकत नाही."

सुलैमानी निवून गेला. असरची अजान झाली तसा मम्मदुट्टी काठीवर रेलून उठला. "चल," म्हणाला. दोघं भाऊ बागेच्या वाटेने निघाले. थोरला पुढे, धाकटा मागे. अर्ध्या वाटेत मम्मदुट्टी थांबला.

"त्या टीचरबाई तिरूरला कुठे राहतात?"

"स्टेशनच्या मागे. का?"

"काही नाही," मम्मदुट्टी म्हणाला. "भांडायचंय मला त्यांच्याशी."